वाचकांचे प्रश्न : माळ वडिलांनी घातली, मुलांच्या ताटाचे काय?

प्रश्न : आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे, आता डोंबिवलीत राहतो. यंदा आषाढी वारीत माझ्या यजमानांनी माळ घातली आणि त्यांच्याबरोबर मीही मासे, मटण, अंडी सोडली. सासूबाईंनी पूर्वीच सोडले होते, त्यामुळे आता घरात यातले काहीच शिजत नाही. मोठ्यांचे अडत नाही, अडते ते मुलांचे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा पाच. दोघेही माशाच्या कढीवर वाढली आहेत. मुलाला भात, कढी आणि तळलेली तुकडी एवढेच जेवण ठाऊक. ताटात पालेभाजी दिसली तरी तो ताट सरकवतो. मुलगी बटाटा सोडून प्रत्येक भाजीला ‘वास येतो’ म्हणते. सध्या दोघांचेही पोट बटाट्याची भाजी, पाव, बिस्किटे आणि दूध यांवर भरते. शेजारच्या काकू म्हणतात, भूक लागली की आपोआप खातील. माझ्या आईचे म्हणणे असे की वाढत्या मुलांचे मासे तोडू नकोस, अशक्त होतील. आम्ही मुलांवर अन्याय तर करत नाही ना? आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, नीट आखलेल्या शाकाहारावर मुलांची वाढ उत्तम होते, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. मात्र ‘नीट आखलेल्या’ या दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. तुमचे पत्र वाचताना मला मासे बंद झाल्याची काळजी वाटली नाही. त्यांच्या जागी बटाटा, पाव आणि बिस्किटे आली, याची वाटली. मासा ताटातून जातो तेव्हा त्याच्याबरोबर प्रथिने, ब-१२ जीवनसत्त्व, जस्त, आयोडीन आणि ओमेगा-३ स्निग्धाम्लेही जातात, आणि ती जागा पिष्टमय पदार्थांनी भरली तर मूल पोटभर जेवूनही कुपोषित राहू शकते. म्हणून तुमच्या आईंची काळजी अनाठायी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र मासे पुन्हा सुरू करणे हा एकच नाही.

सुरुवात पालेभाजीपासून करू नका. शाकाहार म्हटले की आपण आधी मेथी, पालक, दुधी यांच्या मागे लागतो आणि मुलांशी पहिले भांडण तिथेच होते. माशाची जागा घेणारा पदार्थ भाजी नसून कडधान्य आणि डाळ आहे. भाजीचा प्रश्न काही महिने मागे राहिला तरी चालेल, कारण तोपर्यंत फळे बरीचशी उणीव भरून काढतात. कडधान्याचा प्रश्न मात्र याच आठवड्यात सोडवायला हवा.

तो सोडवण्याची किल्ली तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. तुमच्या मुलांना ज्या जेवणाची सवय आहे त्यात मासा महत्त्वाचा होता हे खरे, पण त्याहून अधिक ओळखीचे होते ते ओल्या नारळाचे वाटप, बेडगी मिरचीचा रंग, कोकमाचा आंबटपणा आणि तिरफळाचा वास. यातले काहीही शाकाहाराने हिरावून घेतलेले नाही. तरीही मासे सोडताना अनेक घरे ते वाटपही सोडतात, आणि मुलांपुढे एकाएकी फोडणीचे पिवळे वरण आणि परतलेली भाजी येते. मुलाच्या दृष्टीने घरच बदलते. म्हणून कढी तीच ठेवा, फक्त तिच्यात सोडायचे ते बदला. नेहमीचे वाटप करा, त्यात शिजवलेले काळे वाटाणे, मसूर किंवा मोड आलेले मूग घाला, कोकमे टाका, आणि शेवटी ठेचलेली तिरफळे सोडून एक उकळी आणा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तिरफळ जसे बांगड्यात पडते तसे ते खतखते या मिश्र भाज्यांच्या पदार्थातही पडते, आणि बांगड्याच्या उडीदमेथीचे वाटप अननसालाही तितकेच साजते. कोंबडी-वड्यांची आठवण काढली की वडे तेच करा आणि सोबत काळ्या वाटाण्यांचे सांबार द्या. तुमच्या गावाकडे श्रावणात आणि गणपतीत हे जेवण मुले आनंदाने जेवतच असतील. श्रावण पाळणाऱ्या घराला शाकाहार नवा नसतो, त्याचा फक्त कालावधी वाढतो, हे मुलांनाही सांगून पाहा.

राहिली तळलेली तुकडी. मुलाला तिच्यात कुरकुरीतपणा आवडतो, आणि तो रव्याचा आणि तांदळाच्या पिठाचा असतो. सुरण, कच्चे केळे, वांगे किंवा मिळाला तर नीरफणस यांचे काप अगदी त्याच पद्धतीने करा. अर्ध्या बोटाएवढ्या जाडीचे काप चिरावेत, मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) लावून वीस मिनिटे ठेवावेत, मग रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी होऊ द्यावेत. सुरणाला आगळ किंवा चिंच लावायला विसरू नका, नाही तर घसा खाजतो आणि मूल त्या पदार्थाचा कायमचा धसका घेते. पहिले काही दिवस केळ्याचेच काप करावेत, कारण त्यांना उग्र वास नसतो. मात्र मुलाला ‘हा बघ मासा’ असे सांगून वाढू नका. पाच वर्षांच्या मुलाला फसवणूक लगेच कळते आणि मग तो ओळखीच्या पदार्थांवरही संशय घेऊ लागतो. काप हे काप म्हणूनच ताटात येऊ द्यात. आणि कापांनी कुरकुरीतपणाची हौस भागते, प्रथिनांची नाही. ती कढीतल्या कडधान्यातूनच यायची आहेत, हे तुम्ही लक्षात ठेवायचे.

प्रथिनांच्या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने पुरतात. पेलाभर दुधातून साधारण ६ ग्रॅम, २५ ते ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या वाटीभर घट्ट आमटीतून ६ ते ७ ग्रॅम, आणि २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून जवळजवळ तेवढीच प्रथिने मिळतात. पोळी आणि भात यांतून मिळतात ती वेगळी. मी ‘घट्ट’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मुले आमटीचे वरचे पाणी भातात कालवून घेतात, डाळ तळाशी राहते, आणि आई समाधानाने म्हणते की मूल रोज आमटी-भात जेवते. डाळ घोटून घ्या, किंवा उसळीतली निम्मी कडधान्ये वाटून रसातच मिसळा, म्हणजे पाणी आणि दाणे वेगळे करता येणार नाहीत. भात आणि डाळ एकत्र जेवल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते, त्यामुळे वरण-भात, मुगाची खिचडी, आंबोळी आणि उसळ हे प्रथिनांच्या दृष्टीने पूर्ण जेवण आहे. त्यासाठी महागड्या पावडरींचे डबे आणू नका.

ब-१२ ची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे मी तुम्हाला हात जोडून सांगते की हयगय करू नका. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून किंवा मोडांतून ते मिळते हा समज चुकीचा आहे. अंडी तुमच्या घरात बंद झाली आहेत, म्हणजे उरले दूध, दही, ताक आणि पनीर. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले होते, आणि शाकाहारी पुरुषांत ही शक्यता चौपटीहून अधिक होती. चहापुरते दूध घेणारे घर शाकाहारी राहूनही ब-१२ च्या बाबतीत उपाशी असू शकते, हे त्यातून ध्यानात घ्यावे. मुलांना रोज दोन पेले दूध किंवा तेवढेच दही मिळू द्या, बालरोगतज्ज्ञांकडून दोघांची हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या, आणि त्यांनी पूरक औषध सांगितले तर ते नियमाने द्या. तुम्ही, यजमान आणि सासूबाई यांनीही हीच तपासणी करावी. उतारवयात ब-१२ चे शोषण मंदावते आणि सासूबाईंनी तर बऱ्याच आधीपासून सगळे सोडलेले आहे.

दुधाला वरची मर्यादाही घाला. जे मूल दिवसभरात लिटरभर दूध पिते त्याला जेवणाची भूक लागतच नाही, शिवाय दुधात लोह जवळजवळ नसते. लोह आपल्याला कडधान्ये, नाचणी, तीळ, अळीव आणि खजूर यांतून मिळवायचे आहे, आणि वनस्पतींतले लोह शरीर कमी प्रमाणात शोषते. ते वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे जेवणात क जीवनसत्त्व असणे : उसळीवर लिंबू, जेवणानंतर पेरूची फोड, हिवाळ्यात आवळा. मुलांना जेवणाबरोबर चहा देऊ नका. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आणि अक्रोड ठेवा. माशांतल्या स्निग्धाम्लांची बरोबरी त्यांनी पूर्णपणे होत नाही, तरीही ती ताटात असावीत. मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

आता मुलांच्या खोडीविषयी. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाला नकार देणे हे बहुतेक मुलांत दिसते आणि त्यात हट्टापेक्षा भीतीचा भाग मोठा असतो. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी तो त्याच्यासमोर आठ-दहा, कधी पंधरा वेळाही यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळी ‘याला आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली एक विभागणी मला आपल्या घरांसाठीही अतिशय योग्य वाटते : काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. पालकांनी मुलाच्या कामात हात घातला, म्हणजे एकेक घास मोजला, की मूल पालकांच्या कामात हात घालते आणि आज काय शिजणार हे तेच ठरवू लागते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की प्रत्येक जेवणात मुलाच्या खात्रीचा एक पदार्थ असावा, मग तो साधा दहीभात का असेना, आणि त्याच्या शेजारी नव्या पदार्थाचा एकच चमचा असावा. त्या चमच्याबद्दल कोणी काहीही बोलू नये. ‘एक घास खा, मग चॉकलेट देते’ हे तर मुळीच नको, कारण त्यातून मुलाला एवढेच समजते की उसळ ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस. पाच वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊचे घास भरवणेही आता थांबवा. स्वतःच्या हाताने जेवणारे मूल पोट भरल्याची खूण ओळखायला शिकते. शेजारच्या काकूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. भूक हवीच, पण ती उपाशी ठेवून आणायची नाही. संध्याकाळी सहानंतर बिस्किटे आणि दूध बंद ठेवा, आठ वाजता सगळ्यांनी एकत्र बसा, दूरदर्शन आणि मोबाइल दोन्ही बंद असू द्यात.

मुलीसाठी दुसरा मार्ग घ्या. नऊ वर्षांची मुलगी मटकीला मोड आणू शकते, तर हे काम पूर्णपणे तिच्याकडे सोपवा. सकाळी शाळेत जाताना तिने मटकी धुऊन भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधून टोपलीत झाकून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठ सोडावी. कापडातून बाहेर डोकावणारे पांढरे मोड पाहिले की ती त्यातले दोन-चार दाणे तोंडात टाकणारच, कोणी सांगितले नाही तरी. भिजवल्याने आणि मोड आणल्याने कडधान्यातले फायटिक आम्ल कमी होते आणि लोह अधिक शोषले जाते, हा लाभ निराळाच. तिच्या ‘वास येतो’ या तक्रारीलाही खोटे ठरवू नका. कोबी, फ्लॉवर, मुळा या भाज्या झाकण ठेवून फार वेळ शिजवल्या की त्यांना गंधकाचा उग्र वास येतोच. त्याच भाज्या मोठ्या आचेवर झटपट परता किंवा कोशिंबिरीत कच्च्या घाला. गाजर, काकडी, लाल भोपळा, मक्याचे दाणे, मटार अशा गोडसर भाज्यांपासून सुरुवात करा आणि कारले-मेथीला पुढच्या वर्षाची मुदत द्या. थालीपिठात दुधी किसून घालायला हरकत नाही, पण विचारले तर खरे सांगा, आणि दुधी कधीतरी दुधी म्हणूनही तिच्या ताटात येऊ द्या.

अन्यायाच्या प्रश्नाकडे आता वळते, कारण तो तुमच्या मनाला लागलेला दिसतो. माळ तुमच्या यजमानांनी स्वतःच्या श्रद्धेने घातली आहे. मुलांनी ती घातलेली नाही. घरात काय शिजावे हे ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण मे महिन्यात मुले आजोळी गेली आणि आजीने त्यांना बांगड्याचे तिखले वाढले, तर ते खाण्याची त्यांना मोकळीक असावी असे माझे स्पष्ट मत आहे. ती मोकळीक तुमच्या श्रद्धेत बसत नसेल तर तो निर्णय तुमचा. मात्र मासा घाणेरडा असतो, मासे खाणारे पापी असतात, असे मुलांसमोर कधीही बोलू नका. ज्या आजीच्या हातचे ती लहानपणापासून जेवली, तिच्याविषयी त्यांच्या मनात किळस निर्माण होणे हे मासे खाण्यापेक्षा कितीतरी अधिक हानिकारक आहे. बाबांनी माळ का घातली, हे बाबांनीच त्यांना साध्या शब्दांत सांगावे. आणि एकादशीचा उपास या वयात मुलांना लावू नका. साबुदाण्यावर काढलेला दिवस वाढत्या मुलाला काहीही देत नाही.

दर तीन महिन्यांनी दोघांचे वजन आणि उंची नोंदवून ठेवा. वजन वाढायचे थांबले, मूल घास तोंडात घेताच ओकारी काढू लागले, किंवा त्याचे खाण्याचे पदार्थ दिवसेंदिवस कमी होत मोजक्या दहा-पंधरांवर आले, तर ती नुसती खोड समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्या घरी उलट आहे. आम्ही कोल्हापूरचे, रविवारी तांबडा-पांढरा झाल्याशिवाय आमचा आठवडा सरत नाही. आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने प्राण्यांचा विचार करून मटण आणि चिकन सोडले आहे. ती भाज्याही फारशा खात नाही. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा का, की हे खूळ चार दिवसांत जाईल म्हणून सोडून द्यावे?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : खूळ हा शब्द तिच्यासमोर वापरू नका. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतः विचार करून एखादी गोष्ट सोडणे ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही, आणि चेष्टा झाली तर ती जेवणाच्या खोलीतून उठून जाईल, तिचा निर्णय मात्र तसाच राहील. वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. मटण शिजवण्यापूर्वी तांबड्या रश्श्याचे वाटप आणि कांदा-लसूण मसाला दुसऱ्या पातेल्यात थोडा काढून ठेवा आणि त्यात मोडाची मटकी, हरभरे किंवा सोयाबीनच्या वड्या शिजवा. हाडांच्या पाण्याचा रस्सा ‘त्यात फोडी नाहीत’ म्हणून तिला वाढू नका. तिने ठेवलेला विश्वास तिथे मोडतो. तिने अंडी सोडली आहेत का, हे पत्रात नाही. सोडली नसतील तर रोज एक अंडे आणि दोन पेले दूध एवढ्याने बरेच काम सोपे होते.

तिच्या वयात लोह ही मुख्य चिंता आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, याच वयाच्या मुलाला २२. पाळी सुरू झालेल्या मुलीची ही गरज नुसत्या आहारातून भागणे मांसाहारी घरातही कठीण जाते. त्यामुळे हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. पोटात मळमळते म्हणून अनेक मुली ती दप्तरात टाकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी घेऊ नये, हे तिला समजावून सांगा, आणि तिच्या शाळेत ही गोळी मिळत नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आणखी एका गोष्टीकडे आईच्या नजरेने पाहा. या वयात काही मुली बारीक होण्यासाठी जेवण तोडतात आणि ‘मी शाकाहारी झाले’ हे त्याचे सोयीचे कारण होते. मुलगी मटणाऐवजी मटकीची उसळ आणि दोन भाकऱ्या आवडीने जेवत असेल तर निश्चिंत राहा. मटणानंतर भाकरी, मग भात, मग गोड असे एकेक गळत चालले असेल, ती आरशापुढे सारखी उभी राहत असेल, पाळी चुकू लागली असेल, तर मात्र रागावू नका आणि वाटही पाहू नका. तिला बरोबर घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आवश्यक वाटल्यास त्यांच्या सल्ल्याने समुपदेशकांना भेटा.